रुख्मिणीबाईची गोठण

गवताचं वजन करणाऱ्या माणसाने गवताचा कसही बघावा, एवढी साधी अक्कल यायला भैरवी पांढरीपांडेला चार वर्षं लागली. तिच्याकडे पीएच.डी. होती, हा भाग वेगळा.

भैरवी नागपूरच्या एका संशोधन संस्थेत कुरणांवर काम करायची. राहायला प्रतापनगरात, आणि तिचं कुरण नरखेड तालुक्यात, बेलखेडी गावाबाहेर. गावाच्या तीन बाजूंना संत्रा-मोसंबीच्या बागा आणि चौथ्या बाजूला साठ एकरांचा मुरमाड उंचवटा. त्याला गाव बरड म्हणायचं. गावाची गुरं तिथेच चरायची. भैरवीने त्या बरडीवर तीन ठिकाणी वीस पावलं लांब, वीस पावलं रुंद असं तारेचं कुंपण घालून घेतलं, शेजारी तेवढेच तीन मोकळे तुकडे आखले, आणि दर सप्टेंबरात दोन्हीकडचं गवत कापून, वाळवून तोलायला सुरुवात केली. कुंपणातलं गवत दुप्पट भरलं. तिसऱ्या वर्षी तिने अहवालात लिहून टाकलं की चराई बंद केली तर गवत दुपटीने वाढतं. तिचे विभागप्रमुख सुमंतसर यांनी खाली सही ठोकली.

मग त्या वाक्याला पाय फुटले. निसर्गरक्षणाचं काम करणाऱ्या एका संस्थेने ते वाचलं आणि गावाकडे प्रस्ताव पाठवला: अख्ख्या बरडीला आम्ही कुंपण घालतो, दहा वर्षं एकही जनावर आत सोडायचं नाही, बघा कसं जंगल होतं. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्यावर निर्णय व्हायचा होता. बरड बंद झाली तर गुरांना दुसरी जागा नव्हती, बागांमध्ये कोण शिरू देणार? गावातली सवाशे गुरं बाजाराला लागली असती. आणि रुख्मिणीबाई राऊत घरी बसली असती.

रुख्मिणीबाई ही बेलखेडीची गायकी. गावाची गुरं राखणारा तो गायकी. हे काम पुरुषांचं मानलं जातं, पण नवरा गेल्यावर सासऱ्याने काठी सुनेच्या हातात दिली आणि गावाने ती मान्य केली, त्याला बावीस वर्षं झाली. सकाळी सातला ती वेशीबाहेरच्या मोकळ्या जागेवर, आखरावर, उभी राहून एक हाळी द्यायची आणि घराघरांतून गुरं आपापली चालत यायची. तिचा मुलगा नागपूरला जरीपटक्यात मोबाइलच्या दुकानात होता. आई, इकडे ये, म्हणायचा. ती म्हणायची, येतो ना बापा, पन माझी सवाशे ढोरं तुह्या दुकानात बांधशीन कुठं?

भैरवीचं आणि तिचं चार वर्षांत फारसं बोलणं झालं नव्हतं. रामराम व्हायचा, पाण्याची बाटली द्यायची-घ्यायची. भैरवीच्या नमुन्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, ‘चराईचा प्रकार’. त्यात तिने पहिल्याच दिवशी ‘अनियंत्रित’ असं लिहिलं आणि पुढच्या सगळ्या पानांवर तेच उतरवलं. जिच्या हातात काठी होती तिला एका शब्दानेही विचारलं नाही. शिकलेल्या माणसांची ही खोड फार जुनी आहे. जे आपल्याला दिसत नाही ते नसतंच, असं ती खुशाल लिहून देतात, आणि वर पानाला क्रमांकही घालतात.

या वर्षी मात्र एक गोष्ट नवी झाली. संस्थेच्या प्रयोगशाळेतलं तीन वर्षं बंद पडलेलं यंत्र दुरुस्त होऊन आलं, आणि गवतात नत्र किती, स्फुरद किती, हे तपासायची सोय झाली. भैरवीने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नमुने आणले. मोकळ्या तुकड्यांबरोबर तिने या खेपेला साऱ्या बरडीवरून, इकडून तिकडून, साठ जागचं गवत उचललं. दहा दिवसांनी आकडे आले आणि तिची झोप उडाली.

कुंपणातलं गवत दुप्पट होतं खरं, पण त्यात दम नव्हता. उंच वाढलेलं, देठाळ, निबर. त्यातलं नत्र चरलेल्या गवताच्या निम्म्यावर. गुरांनी चावून पुन्हा फुटलेलं बोटभर गवत त्याच्यापुढे कितीतरी सकस निघालं. हे पुस्तकात वाचलेलं होतं. कोवळ्या फुटव्यात नत्र जास्त असतं, गवत जून झालं की ते पातळ होत जातं. पण मोकळ्या बरडीवरचे अकरा आकडे कोणत्याच पुस्तकात बसत नव्हते. अकरा जागी नत्र आणि स्फुरद दोन्ही इतके चढलेले, की जणू कोणी रात्रीतून येऊन खत टाकून गेलं होतं. त्या जागा एका ओळीत नव्हत्या, एका उतारावर नव्हत्या, झाडाखाली नव्हत्या.

“पिशव्या अदलाबदल झाल्या असतील,” सुमंतसर म्हणाले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि त्यांना शांतता हवी होती. “वेडे आकडे आहेत. वगळ आणि पुढे हो.”

“अकराच्या अकरा अदलाबदल होतील, सर?”

“मग जाऊन पुन्हा आण. पण दोन तारखेच्या आत. ग्रामसभेत तुला बोलावलंय, विसरू नकोस.”

ती विसरली नव्हती. सकाळच्या एसटीने ती निघाली, फाट्यावर उतरली आणि दोन किलोमीटर चालत बरडीवर पोचली. आभाळ भरून होतं, हवेत उकाडा होता. फोनच्या नकाशावर बघत ती त्या अकरांतल्या सात नंबरच्या जागेवर आली. बघते तर आजूबाजूला कुसळीचं खरखरीत गवत माजलेलं आणि मधोमध मोठ्या अंगणाएवढ्या गोलात मारवेलचं हिरवंगार, मऊ गवत. चार वर्षं ती या बरडीवर फिरली होती आणि हा गोल तिला कधी दिसला नव्हता.

“तिथं काय पाहून राहिली वं बाई?” मागून आवाज आला. रुख्मिणीबाई छत्री काखेत मारून उभी होती. “सामान हरपलं का काही?”

“नाही मावशी. हे गवत इथेच असं काहून, ते बघतेय.” भैरवीच्या तोंडात नागपूरचं ‘काहून’ घरचंच होतं.

रुख्मिणीबाईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू भात कसा शिजतो हे कोणी विचारलं होतं. “काहून म्हंजे? मागच्या साली पोळा झाल्यावर इथं गोठण होती ना माझी.”

गोठण म्हणजे दुपारी गुरं बसवायची जागा. सकाळभर चरून पोट भरलं की गुरं तीन-चार तास बसून रवंथ करतात, शेण टाकतात, मुततात. हे भैरवीला ठाऊक होतं. पण तिच्या समजुतीने गुरं बसतात ती आपल्या मर्जीने, सावलीला.

“बसतात नाही, बसवा लागते,” रुख्मिणीबाई म्हणाली. “गायीले मोकळं सोडलं तं ते जाईन त्या पळसाखाली, अन् रोज तिथंच बसन. साऱ्या बरडीचं खाईन अन् एका झाडाखाली हगन. मग झाडाखाली उकिरडा अन् बरड उपाशी. पलीकडच्या गावची बरड पाह्यली नाई का तू? गायकी नाई त्याइच्याकडे. जो तो आपलं ढोर सोडते. तिथं तरोट्याच्या तणाशिवाय काही उगवते का?”

“मग तुम्ही काय करता?”

“आठ दिस एका जागी गोठण. मग उठव, दुसऱ्या जागी. जिथं गवत हलकं दिसलं, जिथं कुसळ माजली, तिथं काठी रोवायची अन् बसायचं. मी बसली की ढोरं बसते. पानकळ्यात सावलीची गरज नाई त्याइले. उन्हाळ्यात नाल्याच्या झाडीत नेतो, तेव्हा तिथं. माह्या सासऱ्यानं सांगतलं होतं, सावलीचा मोह गायीले पडते, गायक्याले पडू नये.”

भैरवी खाली बसली. पाय दुखत होते म्हणून नव्हे. तिच्या पिशवीत छापील नकाशा होता, त्यावर अकरा लाल ठिपके होते. ठिपके रुख्मिणीबाईला आधी दिसू नयेत म्हणून तिने तो बाहेर काढला नाही.

“मावशी, मागच्या तीन वर्षांतल्या गोठणी दाखवाल मले? पावसाळ्यातल्या. आठवतील तेवढ्या.”

“आठवाले काय झालं? चाल.”

पुढचे दोन तास भैरवी त्या बाईच्या मागे चालत होती. रुख्मिणीबाईला वर्षांचे आकडे येत नव्हते, पण तिची मोजणी पक्की होती. ही सरपंच शोभाताईच्या लेकीच्या लग्नाच्या सालची. ही ज्या साली पवनी गायीची कालवड साप चावून गेली, तेव्हाची. इथं चारच दिस बसवली, मग पाऊस लागला, म्हणून इथं हिरवळ अर्धी आहे, पाह. ती थांबायची, काठीने हवेत गोल काढायची, पुढे जायची. प्रत्येक ठिकाणी भैरवी फोनवर जागा टिपायची आणि मूठभर गवत कापून पिशवीत भरायची.

चालता चालता रुख्मिणीबाई काठीच्या टोकाने शेणाचा पो उलटायची. भैरवीने विचारलं तेव्हा म्हणाली, “गवतात कस आहे का नाई, हे शेन सांगते. निबर खाल्लं तं शेन घट्ट, पापुद्र्या-पापुद्र्याचं. कवळं खाल्लं तं पसरट. घट्ट दिसाले लागलं की मी दुसऱ्या दिशी चराची बाजू बदलतो. अन् एक घास मारला की त्या गवताले पंधरा दिस दम खाऊ द्या लागते. पाठोपाठ दोनदा तोंड लावलं तं ते रुसते.”

भैरवीच्या संस्थेत जे कळायला यंत्र दुरुस्त होऊन यावं लागलं होतं, ते ही बाई रोज चालता चालता काठीने तपासत होती. भैरवीला हेवा वाटला, आणि हेव्याच्या मागोमाग त्या बाईविषयी आदर दाटून आला. असा आदर तिला तिच्या गाईडविषयीही कधी वाटला नव्हता, आणि गाईड चांगले होते.

बाराव्या, तेराव्या, चौदाव्या गोठणीनंतर रुख्मिणीबाई दुसऱ्या नंबरच्या कुंपणापाशी आली. तार तिने हाताने धरली. चार वर्षांत तिच्या एकाही गायीने त्या तारेला अंग लावलं नव्हतं.

“अन् एक ही,” ती म्हणाली. “आत.”

“आत कुठे?”

“साऱ्या कुंपणात. तू कुंपण टाकलं ना, त्याच्या आदल्या दोन साली इथंच गोठण होती. तिन्ही कुंपणं माह्या जुन्या गोठणीवरच तं आहे.”

भैरवीला कळेना. त्या तीन जागा तिने चिठ्ठ्या टाकून निवडल्या होत्या. कोणाचा हात लागू नये, कोणाची आवड-निवड त्यात शिरू नये, म्हणून तर चिठ्ठ्या टाकायच्या. “नाही मावशी, असं कसं होईल? मी जागा निवडल्या होत्या...”

“तू निवडल्या तिथं खाली खडक लागला. खांब रोवनारी पोरं दोन दिस पहार मारून मारून थकली. तू म्हटलं, थोडं सरकवा, काही फरक नाई पडत.” रुख्मिणीबाई हसली. “मग पोरायनं मले इचारलं, मावशी, इथं मऊ जमीन कुठं आहे? ढोरं बसलेली जमीन मऊ असते. मीच दाखवली.”

भैरवीला ते आठवलं. मे महिना होता, ऊन कडक होतं, ती झाडाखाली बसली होती आणि तिने खरोखर तसंच म्हटलं होतं. दहा-वीस पावलांनी काय फरक पडतो!

फरक हा पडला होता, की कुंपणातल्या दुप्पट गवतामागे कुंपण किती आणि दोन पावसाळ्यांचं शेणमूत किती, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. ज्या गुरांना हाकलायला तो अहवाल निघाला होता, त्यांच्याच शेणावर तो वाढला होता. आणि खांबांच्या खड्ड्यांची जागा या बाईने स्वतः, उपकार म्हणून, बोटाने दाखवली होती. भैरवीने तारेला डोकं टेकलं. तिला रडू आलं, ते तिने लपवलं नाही.

“काय झालं वं? काहून रडून राहिली?”

“मावशी, बरड बंद करायचं चाललंय ना, ते माझ्या लिहिण्यामुळे.”

“माहीत आहे मले.”

“माहीत होतं? मग बोलल्या नाहीत कधी?”

“तू कधी इचारलं?” रुख्मिणीबाईच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. “मले वाटलं, शिकली-सवरली पोरगी आहे, तिले दिसत असन.” मग तिने पदराने भैरवीचं तोंड पुसलं आणि गुरं उठवायला निघून गेली.

परतीच्या एसटीत भैरवीने नकाशा उघडला. अकरा लाल ठिपके, आणि रुख्मिणीबाईने दाखवलेल्या चौदा जागा. अकराचे अकरा ठिपके जुळले. उरलेल्या तीन जागांवरून तिने नमुना घेतलाच नव्हता. त्या तिन्हींचं गवत आता पिशवीत होतं. चार दिवसांनी यंत्राने त्यांचेही आकडे दिले, तसेच चढलेले. फक्त चारच दिवस बसवलेल्या त्या गोठणीचा आकडा साध्या गवताच्या आणि बाकीच्या गोठणींच्या मधोमध आला.

सुमंतसरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “म्हणजे आपण सही केलेला अहवाल...”

“चुकीच्या पायावर आहे, सर. कुंपणाच्या जागा मी सरकवू दिल्या. चूक माझी आहे. ग्रामसभेत तसं सांगणार आहे.”

“लोक हसतील. तुझ्यावर, संस्थेवर.”

“हसू दे.”

सरांनी कागद फाइलमध्ये नीट लावून ठेवला. मग म्हणाले, “गाडी सांगतो. एसटीने कशाला जातेस?” आणि दोन तारखेला ते स्वतःही तिच्यासोबत आले.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली होती. सरपंच शोभाताईंनी प्रस्ताव वाचून दाखवला आणि भैरवीला उभं केलं. तिने आडवळण घेतलं नाही. कुंपणाच्या जागा कशा सरकल्या ते सांगितलं, चौदा गोठणींचं सांगितलं. उंच गवत आणि सकस गवत या दोन गोष्टी कशा वेगळ्या आहेत ते सांगितलं. सारखं एकाच जागी तोंड लावू दिलं तर गुरं बरड खाऊन टाकतात, तेही सांगितलं. आणि मग म्हणाली की इथे तसं झालं नाही, कारण इथे रुख्मिणीबाई आहेत. बरडीवरचं गवत कोण पोसतं हे मला माहीत नसताना मी लिहिलं. माझं ते वाक्य धरून बरड बंद करू नका.

मागे बसलेला एक तरणाबांड बागाईतदार उठला. “म्हंजे म्याडम, चार सालं तुम्ही आमचं गवत मोजलं, अन् शेनाची करामत कुंपणाच्या नावावर लिहून देल्ली?”

पटांगणभर हशा पिकला. सुमंतसरांनी मान खाली घातली. भैरवी म्हणाली, “हाव.”

हे उत्तर कोणालाच अपेक्षित नव्हतं. हसू विरलं. शोभाताईंनी हात वर करायला सांगितले, आणि प्रस्तावाच्या बाजूने जे सहा हात वर आले त्यातला एक, मागून हळूच खाली गेला. बरड खुली राहिली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण बायकांच्या बाजूला सगळ्याजणी रुख्मिणीबाईकडे वळून बघत होत्या. बावीस वर्षं ही बाई आपल्या गुरांमागे नुसती फिरते, असंच त्यांनाही वाटत होतं.

“आता ती तीन कुंपणंही काढून टाकू,” भैरवी शोभाताईंना म्हणाली. “पुढच्या आठवड्यात माणसं पाठवते. तेवढी जागा गुरांना मोकळी होईल.”

“नाई,” रुख्मिणीबाई म्हणाली. सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती, आणि उभी राहिली तेव्हा पदर सावरायला तिला वेळ लागला. “कुंपण काढू नका.”

“काहून मावशी?” बागाईतदाराने विचारलं. “तुमच्याच तं ढोरायच्या आड येते ते.”

“त्यातलं माह्या ढोरायचं शेन एक ना एक दिस सरन,” रुख्मिणीबाई म्हणाली. “मग त्या जमिनीत आपल्या अंगची ताकद किती, अन् ढोरायनं देल्ली किती, ते समजन. बावीस साल झाले, मी गोठण हलवून राहिली. सासऱ्यानं सांगतलं म्हणून. खरंच त्यानं होते, का मले तसं वाटते, हे म्या कधी पाह्यलंच नाई. पाहाले जागाच नव्हती.” ती भैरवीकडे वळली. “आता आहे. तू मोजत राय. अन् काय निंगते ते मले येऊन सांग, माह्या उलटं निंगलं तरी.”